चाकण एमआयडीसी : साथींच्या कामाच्या नोंदी, जून ते डिसेंबर २०२४

६ जून, गुरुवार

आज एचआयव्ही-प्रतिबंधाच्या कामाला रीतसर सुरुवात झाली. चाकण, म्हाळुंगे, निघोजे, खराबवाडी या पट्ट्यात कॉट बेसिसवर राहणारी अठरा ते चोवीस वयाची कंत्राटी मुलं-मुली हे आपलं कार्यक्षेत्र. बहुतेक जण लातूर, बीड, नांदेड, वाशीम, बुलढाण्याकडचे. कुणी आयटीआय केलेलं, कुणी बारावी, कुणी डिप्लोमा अर्धवट सोडून आलेलं. एका खोलीत सहा-सात जण राहतात. शिफ्ट वेगवेगळ्या, त्यामुळे एक उठून गेला की त्याच कॉटवर दुसरा येऊन पडतो. घराबाहेर पहिल्यांदाच पडलेत, हातात पैसाही पहिल्यांदाच आलाय आणि मनातलं विचारावं असं मोठं माणूस जवळ नाही.

अहवालाचे तक्ते वेगळे भरले जातील. या नोंदी मी अशाच दुसऱ्या एखाद्या औद्योगिक पट्ट्यात काम करू पाहणाऱ्यांसाठी ठेवते आहे. यात कुणाचंही नाव येणार नाही. इथली मुलं एकमेकांना जिल्ह्यावरून हाक मारतात, तसंच मीही लिहीन: लातूरवाला, बुलढाणावाला, वाशीमची. जो कुणी एचआयव्हीसह जगतोय, त्याची मात्र तेवढीही खूण या वहीत राहणार नाही.

गरज काय, असं मालक लोक विचारतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) १५ ते ४९ वयातल्या जेमतेम २२ टक्के बायकांना आणि ३१ टक्के पुरुषांना एचआयव्हीची पुरेशी माहिती होती. हा देशाचा आकडा. आपल्या राज्यात २००७ साली शाळांतल्या लैंगिक शिक्षणावर बंदी आली, तेव्हा आजची ही पोरं पाळण्यात, नाहीतर फार तर पहिली-दुसरीत होती. देशात एचआयव्हीसह जगणारे सर्वांत जास्त लोक महाराष्ट्रात आहेत. या पोरांना माहिती कुणी दिलीच नाही, ती मोबाईलवरून मिळेल तशी त्यांनी गोळा केली.

१३ जून, गुरुवार

साथी, म्हणजे आपल्याच बरोबरीच्यांना माहिती आणि मदत देणारी पोरं-पोरी, निवडले. मूळ आराखड्यात होतं की संस्थेनं मुलाखती घ्याव्यात आणि बोलायला चांगले असतील त्यांना घ्यावं. मी ते बाजूला ठेवलं. माझी उमेदवारीची वर्षं सांगलीकडे गेली. तिथे संग्राम संस्था १९९२ पासून वेश्याव्यवसायातल्या बायकांबरोबर काम करते आहे. कंडोम वाटायला बाहेरचा कार्यकर्ता नको, गल्लीतल्या बाईनंच ते आपल्या शेजारणीला द्यायचं, हे तिथे रुजलं. त्यातूनच १९९६ मध्ये 'वेश्या अन्याय मुक्ती परिषद' ही त्या बायकांची स्वतःची संघटना उभी राहिली. कोलकात्याच्या सोनागाछीतही १९९२ पासून डॉ. स्मरजित जाना यांनी याच वाटेनं काम उभं केलं. धोका ज्याच्या दारात आहे, निर्णयही त्याच्याच हातात पाहिजे. तरुणांच्या प्रकल्पात मात्र हे सहसा होत नाही. साथीला टी-शर्ट मिळतो, पत्रकांचा गठ्ठा मिळतो, ठरवतात दुसरेच.

म्हणून खोल्या-खोल्यांमध्ये आणि मेसमध्ये एकच प्रश्न विचारला: रात्री दोन वाजता काही लफडं झालं, दवाखाना-पोलीस काहीही, तर कुणाला उठवशील? आणि जो सकाळी त्याचा बोभाटा करणार नाही असा. चिठ्ठीवर एक नाव लिहायचं.

आलेली नावं बघून आमच्या ऑफिसातले चक्रावले. सलूनमध्ये खुर्ची चालवणारा लातूरवाला, चार माणसांत तोंड न उघडणारा. गेटपाशी पंक्चर काढणारा एक. इलेक्ट्रिकल हार्नेसच्या लाइनवर काम करणारी वाशीमची, जिच्याकडे तिच्या खोलीतल्या सगळ्यांचे एटीएम पिन आहेत. जिममध्ये पहाटेचा वेळ सांभाळणारा बुलढाणावाला. आणि नांदेडचा एक जण. त्यानं पहिल्याच भेटीत मला बाजूला घेऊन सांगितलं, "ताई, मला मुलं आवडतात. हे कळल्यावर घेणार नसाल तर आत्ताच सांगा." घेतलं. तसे इथे बरेच आहेत, आणि त्यांच्यातल्या कुणाचंही पाऊल आमच्यासारख्यांच्या दारात पडत नाही.

मानधनावर वाद झाला. सेवा म्हणून करावं असं समितीतल्या दोघांचं म्हणणं. साथी ओटी (जादा तासांचं काम) सोडून येणार, म्हणजे तेवढा पगार बुडणार. ओटीइतकं तरी मानधन द्यायचंच, असं ठरवून घेतलं.

२० जून, गुरुवार

प्रशिक्षण. शरीराचं चित्र, संसर्गाचे चार मार्ग (असुरक्षित संबंध, दूषित सुई, दूषित रक्त, आईकडून बाळाला) हे सकाळीच उरकलं. खरा वेळ दोन गोष्टींना दिला.

पहिली कंडोमची. सगळ्यांना वाटतं की येतं. लाकडी मॉडेल हातात दिलं की कळतं. लातूरवाल्यानं सगळ्यांची पाकिटं काढायला लावली. दोघांच्या पाकिटात निरोध होता, महिनोन्‌महिने मागच्या खिशात, बाईकच्या तापलेल्या सीटवर दाबला गेलेला. त्यानं निरोधचं पाकीट बोटांत धरून दाखवलं: आत हवेची उशी लागली पाहिजे, नाही लागली तर ते पाकीट कुठेतरी फुटलंय, फेकून द्या. मग तारीख बघा. फाडताना आतला कंडोम बोटानं एका बाजूला सरकवायचा आणि दुसऱ्या कडेनं फाडायचं, दात लावायचे नाहीत. टोक चिमटीत धरून हवा काढायची, मगच उलगडायचा. काढताना कडा धरायची, गाठ मारायची, कागदात गुंडाळून कचऱ्यात टाकायचा, संडासात नाही, कारण सात जणांचा एकच संडास तुंबला की खोलीमालक सगळ्यांना बाहेर काढतो. हे शेवटचं कुठल्याच पुस्तिकेत नाही. आपल्या पुस्तिकेत घातलं.

दुसरी गोष्ट गुप्ततेची. एचआयव्ही आणि एड्स (प्रतिबंध व नियंत्रण) कायदा २०१७ चा, लागू झाला १० सप्टेंबर २०१८ पासून. संमतीशिवाय कुणाचीही स्थिती दुसऱ्याला सांगायची नाही, हे त्यात स्पष्ट आहे. साथींनी त्यापुढे जाऊन स्वतःचा नियम केला: तपासणीला कोण गेलं, हेसुद्धा साथीनं साथीला सांगायचं नाही. नुसतं 'गेला होता' एवढं कळलं तरी खोलीत चार तर्क होतात.

वाशीमचीनं अडचण काढली, "सतरा वर्षांची एखादी आली तर?" पोक्सो कायद्यात (मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा) अठराच्या आतल्या मुलीच्या संमतीला अर्थ नाही आणि ज्याला कळेल त्यानं पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. तपासणीलाही अठराच्या आत पालकांची संमती लागते. बराच वेळ चर्चा झाली. शेवटी ठरलं की बोलणं सुरू होण्याआधीच साथी सांगेल: अठराच्या आतलं काही माझ्या कानावर आलं तर मला ते माझ्यापाशी ठेवता येणार नाही. माहिती हवी असेल तर सगळी देतो, अडचण असेल तर १०९८ ही मुलांची हेल्पलाइन आहे आणि ताई आहेत. विश्वासानं बोलून बसल्यावर हे कळण्यापेक्षा आधी कळलेलं बरं.

२७ जून, गुरुवार

मेसमध्ये बंद झाकणाचा, वरून चीर पाडलेला डबा ठेवला. वर फक्त 'विचारा' एवढंच लिहिलंय. चिठ्ठ्या लातूरवाला आणि वाशीमची उघडतात, उत्तरं दोघं मिळून लिहितात, आणि ती मेसच्या भिंतीवर मेनूशेजारी लागतात. मी फक्त माहिती तपासते.

पहिल्या खेपेच्या काही चिठ्ठ्या जशाच्या तशा उतरवते:

"डास चावल्याने होतो का, आमच्या खोलीत लई डास आहेत."
"एकदाच गेलो होतो. आता काय."
"मुलगी चांगल्या घरची आहे, तरी कंडोम लागतो का."
"गोळी घेतली ७२ तासाच्या आतली, मग एड्स होत नाही ना."
"टेस्ट केली तर आधारवरून घरी कळतं का."
"मी लग्न करावं का."

शेवटच्या चिठ्ठीवर दोघं फार वेळ थांबले. बाकीची उत्तरं सोपी आहेत. डासातून होत नाही, डास चावताना आधीच्या माणसाचं रक्त आपल्यात सोडत नाही आणि विषाणू डासात वाढतही नाही. गर्भ राहू नये म्हणून घेतलेल्या गोळीचा एचआयव्हीशी काही संबंध नाही. एकदाच असो की दहादा, तपासणी करून घे, आणि आत्ता निगेटिव्ह आली तरी त्या प्रसंगाला तीन महिने झाल्यावर पुन्हा कर, कारण चाचणीत दिसायला वेळ लागतो. पण लग्नाचं? वाशीमचीनं लिहिलं: "आधी मला किंवा लातूरवाल्याला भेट. तू कोण हे विचारणार नाही."

११ जुलै, गुरुवार

आठवडाभर एकच फॉरवर्ड फिरतंय: त्रिपुरात ८२८ विद्यार्थ्यांना एचआयव्ही, ४७ मेले. खाली कुणीतरी जोडलंय, 'कॉलेजच्या पोरांपासून सावध'. एका खोलीत तर त्यावरून ईशान्येकडच्या एका मुलाला ताट वेगळं ठेवायला सांगितलं.

हे साथींनी हाताळलं, मला उशिरा कळलं. त्रिपुरा सरकारनं खुलासा केला होता, तो बुलढाणावाल्यानं शोधून काढला: ८२८ हा आकडा एप्रिल २००७ ते मे २०२४ एवढ्या वर्षांत उपचार केंद्रांत नोंदलेल्या विद्यार्थ्यांचा, एका वर्षाचा किंवा महिन्याचा नव्हे. तिथे मुख्य कारण सुईनं घेतलेली नशा. नांदेडवाला संध्याकाळी त्या खोलीत गेला आणि त्या मुलाशेजारी बसून त्याच्याच ताटात जेवला. भाषण नाही, काही नाही. मग पोरांनी विचारलं तेव्हा मोबाईलवर खुलासा दाखवला.

ताटा-वाटीतून, संडासातून, मिठी मारण्यातून एचआयव्ही पसरत नाही हे आम्ही पत्रकात दर वेळी छापतो. त्या खोलीत ते पत्रक आधीच पोचलेलं होतं, पंख्याखाली पडलेलं.

२५ जुलै, गुरुवार

तपासणीला माणसं जात नाहीत. साथी समजावतात, पोरं हो म्हणतात, जात नाहीत. आमच्या वरिष्ठांचं म्हणणं पडलं की जनजागृती कमी पडते. साथींनी दोन दिवस हिशेब मांडला आणि दाखवून दिलं की जनजागृतीचा प्रश्नच नाही. सरकारी केंद्र सकाळच्या ओपीडीच्या वेळेत चालतं. फर्स्ट शिफ्टवाला तेव्हा लाइनवर असतो. थर्ड शिफ्टवाला सकाळी सुटतो, पण त्याच्या डोळ्यांत झोप. कंत्राटदाराकडे सुट्टी मागायची तर कारण सांगावं लागतं. शिवाय खाडा म्हणजे पगार कापला. आणि केंद्रात केसपेपरच्या रांगेत उभं राहायचं तर आपल्याच कंपनीतला कुणीतरी मागे उभा असतोच.

त्यांची मागणी: गुरुवारी तपासणी, कारण इथल्या बऱ्याच कारखान्यांना गुरुवारची सुट्टी. जागा सलूनच्या वरची खोली, कारण सलूनमध्ये जायला कुणाला कारण लागत नाही. त्याच खोलीत रक्तदाब, साखर, हिमोग्लोबिनही बघायचं, म्हणजे जिन्यावर दिसलेल्या माणसाविषयी कुणी काही ठरवू शकणार नाही.

पत्र लिहिलं. जिल्हा एड्स नियंत्रण पथकाकडे मी आणि वाशीमची दोघी गेलो. बोलली ती. एवढ्या नेमकेपणानं शिफ्टचं गणित माझ्याच्यानं मांडून झालं नसतं.

८ ऑगस्ट, गुरुवार

पहिली गुरुवारची तपासणी. समुपदेशक ताई आणि लॅब टेक्निशियन दोघंही आले, सुट्टीचा विचार न करता आले, त्यांचे आभार इथे नोंदवते. बोटाच्या टोकाला टोचून थेंबभर रक्त, थोड्या वेळात निकाल. ही फक्त प्राथमिक चाचणी. रिअ‍ॅक्टिव्ह (संसर्गाची शंका दाखवणारी) आली तर केंद्रात तीन वेगवेगळ्या चाचण्या होतात, तिन्हींत आलं तरच पॉझिटिव्ह म्हणायचं. साथी हे प्रत्येकाला आधी सांगत होते, टोचायच्या आधी.

खाली लातूरवाल्याची कात्री चालूच होती. गिऱ्हाइकाला गालाला फेस लावता लावता तो वर बोट करायचा. प्रत्येकासमोर नवं ब्लेड मोडून वस्तऱ्यात घालतो, आणि तिथूनच त्याचं बोलणं सुरू होतं. "हे का बदललं माहितीय का?" वस्तऱ्यानं एचआयव्ही होण्याची शक्यता अगदी कमी, हिपॅटायटिस बी आणि सीची काळजी जास्त, हेही तो खरं खरं सांगतो. भीती वाढवून गिऱ्हाईक वर पाठवायचं नाही, हे त्याचं त्यानंच ठरवलंय.

दुपारी पाऊस लागला. तरी जिना रिकामा राहिला नाही.

२२ ऑगस्ट, गुरुवार

बुलढाणावाल्यानं आज जे सांगितलं ते आमच्या आराखड्यात कुठेच नव्हतं. जिममधली काही पोरं व्यायामाआधी मेफेंटरमाइनचं इंजेक्शन घेतात. शस्त्रक्रियेच्या वेळी रक्तदाब फार उतरला तर डॉक्टर हे औषध देतात. ही पोरं ते जोर यावा म्हणून शिरेत टोचून घेतात. हृदयाला त्याचा धोका आहेच. पण त्यानं नेमकं बघितलं ते वेगळं: "सुई आम्ही शेअर करत नाही म्हणतात, आणि खरंच नाही करत. पण बाटली एकच असते, ताई. एकानं टोचून घेतलं, जोर नाही आला म्हणून तीच सुई परत बाटलीत घालून अजून ओढलं. मग दुसरा त्याच बाटलीतून ओढतो."

म्हणजे सुया वेगळ्या असूनही रक्त रक्ताला मिळालं. हिपॅटायटिस सीसाठी तर हा राजमार्गच. वर्षानुवर्षं आपण 'सुई शेअर करू नका' असं शिकवतोय आणि ही पोरं त्या वाक्याचं तंतोतंत पालन करून धोक्यात आहेत. बाटलीचं कुणी बोललंच नव्हतं.

काय करायचं यावर मोठी बैठक. ट्रेनरला आणि पोलिसांना कळवा असं एक मत. बुलढाणावाला म्हणाला, तसं केलं तर ती पोरं जिम बदलतील आणि मला पुन्हा काही कळणार नाही. सुया वाटायची परवानगी या प्रकल्पाला नाही, तो कार्यक्रम वेगळा आणि त्याचे नियम वेगळे. मग असं ठरलं: हृदयाचा धोका आणि बाटलीची गोष्ट तो स्वतः एकेकाला सांगेल, सोडू पाहणाऱ्याला डॉक्टरकडे नेईल, आणि गुरुवारी हिपॅटायटिसच्या तपासणीचीही सोय मागायची. पुरवठा कुठून होतो हा भाग मी वेगळा हाताळते आहे, बुलढाणावाल्याचं नाव मध्ये न येता.

५ सप्टेंबर, गुरुवार

परवा गणपती. मंडळांची रक्तदान शिबिरं आहेत. डब्यात चिठ्ठी आली: "रक्तदान केलं की एचआयव्ही फुकट चेक होतो ना? रिपोर्ट पॉझिटिव्ह आला तर फोन करतात ना?"

असा विचार करणारे एक-दोघं नाहीत, हे साथींनी विचारपूस केल्यावर कळलं. रक्तपेढीत प्रत्येक पिशवीची एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि सी, गुप्तरोग (सिफिलिस) आणि मलेरियासाठी तपासणी होते हे खरं. पण ज्यानं अलीकडेच धोका घेतलाय त्याचं रक्त चाचणीत स्वच्छ दिसू शकतं आणि तरी संसर्ग देऊ शकतं. म्हणजे शंका आहे म्हणून रक्तदान करणारा नेमका त्याच काळात रक्त देतो, जो सर्वांत वाईट. ते रक्त कुणा बाळंतिणीला, कुणा थॅलेसेमियाच्या लेकराला जाणार.

साथी मंडळांच्या कार्यकर्त्यांना भेटले. त्यातले निम्मे त्यांचेच रूममेट. शिबिराच्या टेबलाशेजारी फलक लागला: "स्वतःची तपासणी करायची असेल तर इथे रक्त देऊ नका. गुरुवारी सलूनच्या वर, मोफत आणि गुप्त. शंका असेल तर एड्स हेल्पलाइन १०९७." एका मंडळाच्या अध्यक्षांनी 'गणपतीत हे कशाला' म्हणून नकार दिला. पंक्चरवाल्या साथीनं त्यांना थॅलेसेमियाच्या लेकराचंच उदाहरण दिलं. फलक लागला.

१९ सप्टेंबर, गुरुवार

मध्यंतरी एका प्राथमिक चाचणीत रिअ‍ॅक्टिव्ह आलं. कोण, कुठल्या गुरुवारी, मुलगा की मुलगी, काहीच लिहीत नाही. साथीनं काय केलं तेवढं लिहिते, कारण ते शिकण्यासारखं आहे.

निकाल समुपदेशक ताईंनी सांगितला. साथी बाहेर थांबला होता, आत बोलावलं तरच जायचं असं ठरलेलं. बोलावलं. आत गेल्यावर त्यानं समजूत घातली नाही. विचारलं, "जेवण झालं का?" मग दोघं खाली उतरले, वडापाव खाल्ला, आणि साथी म्हणाला, "उद्या तीन टेस्ट आहेत. मी शिफ्ट बदलून घेतलीय, तुझ्याबरोबर येतोय." शिफ्ट बदलण्याचं त्यानं आधीच करून ठेवलं होतं, दर गुरुवारनंतरच्या शुक्रवारी तो अशी तयारी ठेवतो. कुणाला लागेल तेव्हा लागेल म्हणून.

तिन्ही चाचण्यांचा निकाल आल्यावर एआरटी (एचआयव्हीवरच्या औषधोपचाराच्या) केंद्रात नोंदणी झाली. सरकारी एआरटी २००४ पासून मोफत आहे, आणि २०१७ पासून सीडी-४ (रक्तातल्या प्रतिकार पेशींची संख्या) कितीही असो, निदान झालं की औषध सुरू. टेनोफोविर, लॅमिव्ह्युडीन, डोल्युटेग्रॅव्हिर एकाच गोळीत, दिवसातून एकदा. गोळी खोलीत ठेवायची कशी, हा पहिला प्रश्न. डबीवर नाव असतं, खुळखुळ आवाज येतो, खोलीत सात जण. साथीनं जीवनसत्त्वाच्या गोळ्यांची रिकामी डबी आणली, आत कापूस घातला. केंद्रातल्या सिस्टरना विचारून घेतलं, त्यांनी सांगितलं डबी कोरडी आणि घट्ट बंद होणारी असू दे, मूळ डबीतली ओलावा शोषणारी पुडीही त्यात टाक.

शिफ्ट बदलली की गोळीची वेळ चुकते. त्यावर दोघांनी मिळून उपाय काढला: कुठल्याही शिफ्टला जागं असण्याची एक सामाईक वेळ धरली आणि अलार्मला लेबल दिलं 'चार्जर'.

रोज गोळी घेऊन विषाणूभार चाचणीत दिसेनासा झाला आणि तसाच राहिला, की शरीरसंबंधातून तो जोडीदाराला जात नाही. हे मी त्या व्यक्तीला सांगितलं तेव्हा तिनं पुन्हा विचारलं. पुन्हा सांगितलं. जूनमधल्या त्या लग्नाच्या चिठ्ठीला असं उत्तर आम्ही तेव्हाच भिंतीवर लावायला हवं होतं, असं वाशीमची म्हणाली. आता लागलंय, मोठ्या अक्षरांत.

१० ऑक्टोबर, गुरुवार

'एचआयव्हीची लस आली' असे व्हिडिओ जूनपासून येतायत. नांदेडवाल्यानं आज त्यावर बैठक घेतली. लस नाही. लेनाकापाविर नावाचं औषध, सहा महिन्यांतून एकदा इंजेक्शन. दक्षिण आफ्रिका आणि युगांडातल्या तरुण मुलींवर चाचणी झाली, ज्यांना ते मिळालं त्या दोन हजारांहून जास्त मुलींपैकी एकीलाही संसर्ग झाला नाही, हे २० जूनला जाहीर झालं. या महिन्यात मूळ कंपनीनं काही औषध कंपन्यांना ते स्वस्तात बनवण्याचे परवाने दिले, त्यांत पुण्याची एमक्युअर आहे. इथून भोसरी किती लांब? राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था म्हणून १९९२ मध्ये सुरू झालेली संस्थाही तिथेच. पोरांचे कान टवकारले. पण आज ते आपल्या हातात नाही.

हातात आहे ती रोज घ्यायची प्रेप गोळी. संसर्ग होण्याआधी, धोका असलेल्यानं, डॉक्टरच्या देखरेखीत घ्यायची. नॅकोनं (राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेनं) २०२२ मध्ये तिची मार्गदर्शक तत्त्वं काढली. विकत घ्यावी लागते, आणि एचआयव्ही, किडनी हे आधी तपासून घ्यावं लागतं. बैठकीनंतर नांदेडवाल्याकडे जी मुलं थांबली, त्यांतल्या कुणीही आजवर आमच्या कुठल्याच कार्यक्रमाला तोंड दाखवलं नव्हतं. त्यांच्यातलं बोलणं मी ऐकलं नाही, ऐकायचं नव्हतंच. भारतीय दंड संहितेच्या कलम ३७७ मधून संमतीचे समलिंगी संबंध ६ सप्टेंबर २०१८ ला वगळले, हे त्यातल्या काहींना माहीतच नव्हतं एवढं त्यानं नंतर सांगितलं. ती मुलं अजूनही ब्लॅकमेल सहन करत होती.

२४ ऑक्टोबर, गुरुवार

मुलींची बैठक, वाशीमचीच्या खोलीत, दिवाळीची साफसफाई चालू असताना. एचआयव्हीपासून सुरुवात करायची नाही असं तिनं मला बजावलं होतं. पाळी, पांढरं पाणी, पोट राहण्याची भीती, लाइनवर लघवीला सोडत नाहीत म्हणून कमी प्यायलं जाणारं पाणी. यातच बराच वेळ गेला. मग एक म्हणाली, "तो कंडोमला नाही म्हणतो. म्हणतो माझ्यावर विश्वास नाही का."

माझ्याकडे यावर छापील उत्तर होतं. मी गप्प बसले. दुसरीनं सांगितलं, "मी म्हणते, पोट राहिलं तर माझी नोकरी जाईल, तुझी नाही. विश्वासाचं नावच काढत नाही." तिसरीनं सांगितलं की ती स्वतःच जवळ ठेवते, त्याच्या भरवशावर राहत नाही. सगळ्यांना पटलं असं नाही. एकीनं विचारलं, "जबरदस्ती झाली तर?" बलात्कारानंतर ७२ तासांच्या आत, आणि जितक्या लवकर तितकं चांगलं, सरकारी रुग्णालयात संसर्ग टाळणारं औषध सुरू करता येतं, ते २८ दिवस घ्यायचं. पोलीस केसची वाट बघत थांबायचं नाही, दवाखाना उपचार नाकारू शकत नाही. हे वाक्य सगळ्यांनी मोबाईलमध्ये लिहून घेतलं.

१४ नोव्हेंबर, गुरुवार

दिवाळीनंतर खोल्या अर्ध्या रिकाम्या. कित्येकांना कंत्राटाचा ब्रेक मिळाला. नवी भरती सुरू आहे, आणि एका मनुष्यबळ कंत्राटदाराच्या मेडिकलमध्ये न विचारता एचआयव्हीची चाचणी होते, असं पंक्चरवाल्या साथीला कळलं. रिपोर्ट थेट सुपरवायझरच्या टेबलावर. नोकरी मिळवण्यासाठी एचआयव्ही चाचणीची अट घालायला २०१७ च्या कायद्यानं बंदी आहे. साथींनी पत्राचा मसुदा स्वतः केला, कायद्याचा उतारा जोडला, सह्या मात्र संस्थेच्या घेतल्या, कारण पोरांच्या सह्या म्हणजे पोरांच्या नोकऱ्या. कंत्राटदाराकडून अजून उत्तर नाही. कामगार खात्याकडे प्रत दिली आहे.

५ डिसेंबर, गुरुवार

१ डिसेंबरला, जागतिक एड्स दिनी, रॅली काढायची नाही, हे साथींनी ऑक्टोबरातच सांगितलं होतं. लाल फीत लावून हायवेनं चाललेल्या पोराला कंपनीत दुसऱ्या दिवशी काय ऐकावं लागतं, ते त्यांना ठाऊक. त्याऐवजी रविवारी संध्याकाळी मैदानावर बॉक्स क्रिकेटचे सामने, आणि डावांच्या मध्ये डब्यातल्या चिठ्ठ्यांची उत्तरं माईकवरून. वरून फोटो मागितले होते. पाठमोरे पाठवले.

१९ डिसेंबर, गुरुवार

वाशीमचीचं कंत्राट संपलं, ती रांजणगावला चालली. जाणारा साथी पुढचा सुचवेल आणि खोलीतल्या चिठ्ठ्यांनी तो पक्का होईल, ही पद्धत त्यांनी मागेच ठरवली होती. तिनं आपल्या शेजारच्या कॉटवरच्या जतच्या मुलीचं नाव दिलं, चिठ्ठ्यांत तेच आलं. तिचं प्रशिक्षण २६ तारखेला, घेणारे लातूरवाला आणि बुलढाणावाला. मी फक्त पोक्सोचा आणि औषधांचा भाग घेणार.

हिपॅटायटिस तपासणीला मंजुरी आली, जानेवारीच्या दुसऱ्या गुरुवारपासून. तपासणीच्या संध्याकाळच्या वेळेबद्दल अजून पत्रव्यवहार चालू. रांजणगावात जागा बघायला वाशीमची येत्या आठवड्यात कळवेल, तिकडच्या खोल्यांची यादी तिनं आधीच मागवली आहे.